सहीच्या शेपटीवरच्या तीन गाठी

१२ जानेवारी, सोमवार. डिचोली

वही आज घेतली. शाळा सुटल्यापासून पहिलीच. आठवीतल्या शेवटच्या वहीची अर्धी पानं कोरी राहिली होती, ती आईनं पापड वाळवायला वापरली.

कारण सरकारी वकील मॅडम. साइटवर समन्स आलं, साक्षीला या म्हणून. दुपारी कोर्टाच्या आवारात त्यांच्या खोलीत गेलो. मॅडम पेडण्याच्या, माझ्याहून चार-पाच वर्षांनीच मोठ्या. टेबलावर कागद एवढे की मागे माणूस आहे हे आधी कळलंच नाही. म्हणाल्या, पंच तू? सांग काय झालं. मी सांगितलं. पाणी तापवायचं भाण कुणी चोरलं, भिंतीवरून कसं उतरवलं, कुठल्या स्कूटरवरून नेलं, कुठल्या भंगारात देणार होता. एका दमात.

त्यांनी पेन खाली ठेवलं. "हें सगळें तुवें पळयलें?"
"नाही."
"मग?"
"लोक बोलत होते टपरीवर."

म्हणाल्या, वही घे. रोज लिही, काहीही लिही. डोळ्यानं बघितलं त्याच्यापुढे ब. घाल, कानानं ऐकलं त्याच्यापुढे ऐ. तारखेपर्यंत तुझं डोकं साफ होईल. काय बोलायचं ते मी सांगणार नाही, तो माझा धंदा नाही.

मॅडमच्या टेबलाची एक टांग आखूड आहे, खाली पुठ्ठा घातलाय. ब.
ही त्यांची पहिलीच पोस्टिंग. ऐ.

१३ जानेवारी

आज सगळं पहिल्यापासून लिहायचा प्रयत्न.

सव्वा वर्षापूर्वी, पाऊस संपल्यावर. सर्वणला बंगल्यात फरशी बसवत होतो, मी आणि यल्लाप्पाअण्णा. (अण्णा माझा मिस्त्री, बेळगावकडचा. खोली एकच, भांडण रोज.) सकाळी टपरीवर चहात उंडो पाव बुडवत होतो तर जीप आली. हवालदार म्हणाला चल, पंच पाहिजे. मला घेतलं आणि गावातल्या एका पोराला. ब.

दयानंद म्हणून इसम, आरोपी, तो पुढे, आम्ही मागे. त्याच्या घरामागं बंद गोठा. त्यानं स्वतःच्या हातानं माडाच्या झावळ्यांची चुडतं बाजूला केली. खाली तांब्याचं भाण, न्हाणीत पाणी तापवायचं, माझ्या कमरेएवढं. पोट रुंद, काळंकुट्ट, बुडाला ठिगळ. ब. हवालदारानं मापं घेतली, लिहिलं, वाचून दाखवलं, सह्या घेतल्या. एक चिठ्ठी भाणाच्या कानाला सुतळीनं बांधून लाख लावली, तिच्यावर पण सही. ब.

भाण सर्वणच्या भामामावशीचं. ऐ.

हे लिहिताना हात थांबला. वर्षभर मी हे ठामपणे सांगत फिरलो होतो.

१४ जानेवारी, संक्रांत

भामामावशी तिळाचे लाडू घेऊन साइटवर. ही बाई आमच्या बंगल्याच्या मागच्या वाडीतली, नवरा नाही, मुलगी लग्न होऊन गेली. पंचनामा झाला तोपर्यंत मी तिला ओळखत पण नव्हतो. नंतर तिला कळलं की पंच तो मी, मग सुरूच. एकदा घरी बोलावून मणगणं वाढलं. गूळ, नारळाचा रस, चण्याची डाळ. मी दोनदा घेतलं.

तिचं म्हणणं एकच. भाण माहेरहून आलेलं, आईनं दिलेलं. वर्ष झालं, पोलिसांच्या खोलीत पडलंय. ही ॲल्युमिनियमच्या टोपात पाणी तापवते. "टोपाचें उदक आंगाक लागना रे पुता. वरसभर हांव न्हालेंच ना, फकत भिजलां."

अण्णा हसून हसून सांधे भरायच्या ग्राउटच्या बादलीत बसायचा राहिला.

१६ जानेवारी, शुक्रवार

मॅडमकडे दुसऱ्यांदा. बाकावर तासभर. आत मॅडमची निळी फाइल उघडी होती, खूप जाड, बाजूला रंगीत कागदाच्या जिभा चिकटवलेल्या. जिभांवरचं लावून लावून वाचलं. अपघात. मारामारी. चोरी. फसवणूक. बायकांवरचे गुन्हे. प्रत्येक जातीच्या केसला वेगळं पान, कुणाला काय विचारायचं, कुठला कागद कधी दाखवायचा. मॅडमनी स्वतः बनवली आहे, सीनियर लोकांना विचारून विचारून. ऐ. (त्यांनीच सांगितलं, तरी ऐ.)

मग चोरीच्या पानावरून बोट फिरवत माझी गोष्ट समजावली. दयानंद म्हणतो, माझ्या गोठ्यात काहीच सापडलं नाही, पोलिसांनी भाण दुसरीकडून आणलं आणि पंचांच्या सह्या ठाण्यात बसून कुणाकडून तरी मारून घेतल्या. दुसरा पंच, तो गावातला पोरगा, बोटीवर नोकरीला गेला, कधी येईल पत्ता नाही. म्हणजे उरलो मी. माझी सही खरी ठरली तर पंचनामा खरा. पंचनामा खरा तर भाण गोठ्यातलंच, आणि बुडाचं ठिगळ मावशीनं फिर्यादीत आधीच लिहून दिलंय.

"म्हणजे सगळं तुझ्या सहीवर," मॅडम म्हणाल्या आणि वाचून आठवण ताजी कर म्हणून पंचनामा पुढे केला. हे चालतं, फाइलीत लिहिलंय.

मी शेवटचं पान बघितलं.

सही माझीच. पण ती नव्हे.

१७ जानेवारी

काल लिहिलं नाही पुढचं. लाज.

माझी सही परशराम. पूर्ण, शाळेतली, सुट्या अक्षरात. बँकेत तीच, पॅन कार्डाला तीच. पण पंचनाम्याच्या त्या आठवड्यात अण्णा म्हणाला होता की दिवाळीनंतर तुला पण मिस्त्री करतो. मी लगेच मिस्त्रीची सही काढली. इंग्रजी पी, त्याला मोठं पोट, आणि पोटातून निघून पानाच्या कडेपर्यंत जाणारी शेपटी. सिमेंटच्या रिकाम्या पोत्यांवर गिरवत होतो. पंचनाम्याला तीच ठोकली. पुढच्या आठवड्यात अण्णानं ती मजुरांच्या कागदावर बघितली. म्हणाला ही सही काय गोगलगाय? सगळे हसले. तेव्हापासून परत परशराम. मिस्त्री पण झालो नाही.

आता ती जमत नाही. आणि पंचनाम्यावरच्या शेपटीला तीन गाठी आहेत. पेन अडखळल्यासारखं, तीन ठिकाणी शाई जाड. मी गाठी कधी काढत नव्हतो. का काढल्या?

वहीच्या मागच्या पानावर अकरा ओळी गिरवल्या. गाठी घालून, न घालून. एक पण तशी नाही.

१९ जानेवारी

मॅडमना सगळं सांगितलं. गोगलगाय पण. त्या हसल्या नाहीत, फक्त ओठ घट्ट धरले. ब.

सरावाचं पान दाखवलं तर एकदम उभ्याच राहिल्या. "हें कित्याक केलें? विरुद्ध वकील म्हणेल, बघा, साक्षीदार सही पाठ करतोय." मी म्हटलं फाडतो. म्हणाल्या, हात लावू नकोस. फाडलंस तर ते जास्त वाईट. विचारलं तर सांग. न विचारता सांगू नको, विचारल्यावर लपवू नको.

आणि भामामावशीकडे खाणं बंद. साक्ष होईपर्यंत घोटभर पाणी पण नाही. मी म्हटलं एकदा मणगणं झालंय. "विचारलं तर तें पण सांग."
"दोनदा वाढून घेतलं होतं."
"किती विचारलं तर किती तें पण."

२१ जानेवारी

परत बाकावर. दार उघडं असतं, कानावर पडतंच. आज अपघाताचा साक्षीदार, एक रिक्षावाला. तो म्हणे गाडी फार जोरात होती. मॅडम म्हणाल्या, जोरात म्हणजे काय ते कोर्टाला कळत नाही. ती कुठे होती तेव्हा तू कुठे होतास, आणि आदळली तेव्हा तू किती पावलं चालला होतास, ते आठव. रिक्षावाला डोळे मिटून बोटं मोजायला लागला. नंतर मारामारीवाला. त्याला म्हणाल्या, किती लागलं ते डॉक्टर सांगतील. काठी कोणत्या हातात होती?

परत येताना बसमध्ये विचार केला की मी आतापर्यंत आयुष्यात सगळं जोरात होती असंच सांगितलंय.

खोलीवर माझी उकडलेली दोन अंडी गायब. अण्णाची उलटतपासणी घेतली. टरफलं कुठल्या पिशवीत? मीठ कोणी हलवलं? शेवटी कबूल. म्हणाला, तुझी मॅडम तुला बिघडवणार.

२३ जानेवारी, शुक्रवार

साक्षीची तारीख ३ फेब्रुवारी. आणि अण्णानं पेडण्याला हॉटेलचं काम घेतलंय, चाळीस बाथरूम, सुरुवात २ ला. म्हणतो, तारीख पुढं ढकलून घे. पंच लोक जात नाहीत कधी, काही होत नाही. मी साक्षीला गेलो नाही तर मिस्त्रीपण तिथं देईन म्हणतो.

खरं तर माझा पाय इथून कधीच निघालाय. एका गावात तीन महिने झाले की मला झोप लागत नाही. पुणे झालं, हुबळी झालं, सावंतवाडी झालं. सर्वणलाच पहिल्यांदा वर्ष काढलं.

अर्धा दिवस सुट्टी टाकून म्हापशाच्या बाजारात गेलो. साक्षीला पांढरा शर्ट घेतला. विकणारा म्हणाला, मुलगी बघायला? मी म्हटलं, भाण.

२७ जानेवारी

भामामावशी (आता नुसतं भा.मा.) आज पातेलं घेऊन साइटवर. मी लांबूनच हात जोडले. साक्ष होऊ दे मावशी.
"तुजें कोर्ट म्हज्या मणगण्याक भियेता?"
"हो मावशी."
ती तिथंच बाकावर बसली आणि पातेल्याचं झाकण काढून ठेवलं. वास फरशीवरून सरळ माझ्याकडे. अण्णानं तीन वाट्या खाल्ल्या, तो साक्षीदार नाही.

जाताना म्हणाली, आलंस तर बरें, ना आलंस तर तुका कोण कितें म्हणटलो. तुजें काम आसा. तिला पेडण्याच्या कामाचं कुणीतरी सांगितलंय. रागानं नाही बोलली. तेच वाईट.

अण्णाला सांगितलं, मी ३ नंतर येतो. दे नाहीतर देऊ नको मिस्त्रीपण. तो कन्नडमधून बराच वेळ बोलला. समजलं नाही म्हणून ब. पण नाही आणि ऐ. पण नाही.

३ फेब्रुवारी, मंगळवार

हात अजून गरम आहे. सगळं क्रमानं लिहितो.

सकाळी दहाला पोचलो. भा.मा. आधीच बाकावर, हिरवं लुगडं, केसात अबोलीचा वळेसर. आणि शेजारी कोण, तर अण्णा. काल पेडण्याला जाऊन काम सुरू करून रात्रीच्या बसनं परत आलेला. म्हणाला, तू खोटं बोलतोस का बघायला आलोय.

भाण आलं. हवालदार आणि एक शिपाई, दोन कानांना धरून. टेबलासमोर ठेवलं तर घंटेसारखं वाजलं आणि सगळं कोर्ट वळलं. चिठ्ठी सुतळीला लोंबत होती. भा.मा. उठून उभी राहिली, शिपायानं तिला बसवलं.

शपथ. मग मॅडम. त्या दिवशी सकाळी कुठे होतात? मग काय बघितलंत? गोठ्यात कोण आधी शिरलं? चुडतं कोणी हलवली? मी बघितलं तेवढंच सांगितलं. स्कूटर नाही, भंगार नाही. मी मराठीत बोलायचो, जज्जसाहेब टायपिस्टला इंग्रजीत सांगायचे, मशीन थांबलं की पुढचा प्रश्न. मला ते थांबणं आवडलं. माझ्यासाठी आजवर कोणी थांबलं नव्हतं.

मग दयानंदचे वकील. वयस्कर, चष्मा कपाळावर, आवाज गोड.

"शिक्षण?"
"आठवी. तीही पूर्ण नाही."
"पंचनामा वाचलात?"
"वाचून दाखवला. मी पण मागून मागून वाचत होतो, पण हवालदार पुढे गेले."
"फिर्यादी बाईंकडे जेवता?"
"एकदा. मणगणं."
"आणि तरी निःपक्षपाती?"
"दोनदा वाढून घेतलं होतं साहेब. पंचनाम्याच्या नंतर."
मागं कोणीतरी हसलं. अण्णाच असणार. ऐ.

मग आलं ते. ही सही तुमची? हो. पॅन कार्डावरची वेगळी? हो, ती शाळेतली, ही मिस्त्रीची. कोण मिस्त्री? मी होणार होतो. झालात? नाही.

त्यांनी कोरा कागद दिला. करा.

केली. पी, पोट, शेपटी. वकिलांनी दोन्ही कागद शेजारी धरले आणि जज्जसाहेबांना दाखवले. "मूळ सहीच्या शेपटीला तीन गाठी. इथे शेपटी गुळगुळीत. महाराज, हा हात वेगळा आहे." मग माझ्याकडे. "सराव केला होतात?"
"हो. अकरा ओळी."
"कोणाच्या सांगण्यावरून?"
"माझ्याच. मॅडम ओरडल्या."

मॅडम कागदाकडे बघत होत्या. भा.मा. माझ्याकडे. मला कळलं की गेलं. माझ्या हौसेपायी म्हातारीचं भाण गेलं.

पेन अजून बोटात होतं. पिंजऱ्याला लागलेलं टेबल सागाचं, पॉलिश मारलेलं, काचेसारखं. लेव्हल एकदम बरोबर. पेन त्याच्यावरून किती सरळ गेलं होतं. आणि माझ्या हातालाच आठवलं, डोक्याच्या आधी.

म्हटलं, "साहेब, इथं खाली टेबल आहे."
जज्जसाहेब म्हणाले, "बरं?"
"गोठ्यात टेबल नव्हतं. जमीन शेणानं ओली होती. ठिगळ दिसावं म्हणून भाण उपडं घातलं होतं. हवालदारांनी कागद त्याच्या बुडावरच ठेवला, मी तसाच वाकून सही केली. पेन रिबिटावरून गेलं. ठिगळाला तीन रिबिटं आहेत, डोकी वर आलेली."

जज्जसाहेबांनी हवालदाराकडे बघितलं. हवालदार म्हणाला, व्हय साहेब, म्हणजे, होय साहेब, बुडावरच ठेवलेला.

"उपडं करा."

केलं. हवालदाराच्या खाकीला काजळी. ठिगळ, तीन रिबिटं, तिरकी रांग. शिरस्तेदारांनी पंचनाम्याचं पान दोन बोटांनी धरून वर ठेवलं. पहिल्यांदा जुळलं नाही. माझा हात शिवशिवत होता पण मी पिंजऱ्यात. म्हटलं, थोडं फिरवा, डावीकडे एक बोट. त्यांनी फिरवलं. पहिली गाठ पहिल्या रिबिटावर, मग दुसरी, मग तिसरी. शेवटची फरशी कोपऱ्यात बसते ना, तशी.

जज्जसाहेब स्वतः उतरून खाली आले. पान उलटलं. मागं काळा गोल डाग, ठिगळाएवढा. वर्षभर सगळ्यांना वाटलं असणार, कागद मळलाय.

दयानंदच्या वकिलांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला आणि बराच वेळ वाकून बघितलं. म्हणाले, आणखी प्रश्न नाहीत. जज्जसाहेबांनी इंग्रजीत एक लांबलचक वाक्य सांगितलं. मला त्यातलं रिवेट तेवढं कळलं.

बाहेर आल्यावर मॅडम. "हें म्हाका आदीं कित्याक सांगलें ना?"
"आठवलंच नव्हतं. सराव करत होतो ना."

त्या हसल्या. मग निळी फाइल उघडून चोरीच्या पानावर पेन्सिलनं एक ओळ लिहिली. मी उलट्या बाजूनं लावून लावून वाचली. पंचाला विचारावे, कागद कशावर ठेवून सही केली.

माझी ओळ. ब.

४ फेब्रुवारी. पेडणे

सकाळच्या बसनं आलो. बाथरूम क्रमांक सात. अण्णानं हॉटेलच्या मालकाशी ओळख करून दिली. हा परशराम, माझ्याबरोबरचा मिस्त्री. मी काही विचारलं नाही. हजेरीवर सही मागितली तर परशराम केली. पूर्ण, सुटी अक्षरं.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

दुपारी मॅडमचा फोन. भाणाचे फोटो काढून ते निकालापर्यंत मावशीच्या ताब्यात द्यायचा हुकूम झाला, सुपुर्दनाम्यावर. अटी: विकायचं नाही, ठिगळ बदलायचं नाही, चिठ्ठी काढायची नाही, कोर्टानं मागितलं की हजर करायचं. मी विचारलं, पाणी तापवायचं? म्हणाल्या, पाणी तापवायला मनाई असल्याचं हुकुमात कुठे दिसत नाही.

८ फेब्रुवारी, रविवार. सर्वण

सुट्टी. अण्णाला घेऊन आलो, दोघांनी भाण टेम्पोतून उतरवून न्हाणीत चुलीवर चढवलं. लेव्हल अण्णानं स्वतः बघितली, एका बाजूला फरशीची चिपरी घातली. भा.मा.नं आधी त्याच्या पोटावरून हात फिरवला, मग माझ्या डोक्यावरून, दोन्हीकडे काजळी. चिठ्ठीला जाळ लागू नये म्हणून दुधाची पिशवी गुंडाळून वर छपराच्या वाशाला सुतळी ओढून बांधलीय. माझी गोगलगाय पिशवीतून दिसते.

दयानंदच्या केसमधल्या बाकीच्या साक्षी अजून आहेत. निकाल मार्चमध्ये, किंवा त्याच्या पुढं. टपरीवर आज तीन जणांनी तीन वेगळे निकाल सांगितले. सुटणार. ऐ. सहा महिने. ऐ. वरच्या कोर्टात जाणार. ऐ. हॉटेल झालं की अण्णा म्हणतो कारवारला काम आहे, आणि पाय आत्तापासूनच... पण समन्स आलं तर कुठूनही येणार, हे मॅडमना सांगून ठेवलंय.

साक्ष झाली म्हणून मणगणं. तीन वाट्या. पण आधी भा.मा. म्हणाली, उदक कडकडीत जालां, भितर वच, पयलो तूं.

मी म्हटलं, मावशी, वर्षभर वाट तू बघितलीस.

"कोर्टान विचारलें उदक कशें आशिल्लें, तर सांगपाक साक्षीदार जाय न्हय?"

न्हाणीत धूर, तांब्याचा वास, वर चिठ्ठी हलतेय. पहिला तांब्या अंगावर घेतला.

गरम होतं. खांद्यापासून टाचेपर्यंत लागत गेलं. ब.